भरल्या गाडीची चाकं

जयसिंगला अर्धांगाचा झटका आला तेव्हा गाडीला ती रुंद चाकं लावून जेमतेम वर्ष झालं होतं. धायरीतला जमिनीचा रस्त्याकडचा तुकडा बिल्डरला दिल्यावर त्यानं गाडी घेतली आणि कंपनीची चाकं लगेच काढून टाकली. त्या जागी मोठी, काळीभोर, कडेला चकाकी असलेली अलॉयची चाकं आली. टायर मडगार्डच्या जरा बाहेरच डोकावायचे. रविवारी सकाळी तो आणि त्याचा दोस्त संपत पानशेतच्या रस्त्यानं चक्कर मारून यायचे. दोघंही पुढं बसायचे. मागची सीट रिकामीच असायची, त्यामुळं चाकं घासतात हे कधी कळलंच नाही.

कळलं ते जयसिंग स्वतः मागं बसायला लागल्यावर. डावा पाय वाकत नव्हता, पुढच्या सीटवर त्याला बसवता येत नव्हतं. मग पाठीला उशी लावून तो मागं आडवा बसायचा आणि त्याची म्हातारी आई, तुळजाबाई, त्याचा पाय मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायची. डिकीत व्हीलचेअर. अशी गाडी भरली की मागचा भाग खाली बसायचा आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मडगार्डची कड टायरवर घासायची. घर्रर्र.

"अगं, हळू!" जयसिंग म्हणायचा. झटक्यानंतर त्याचे शब्द जड झाले होते.

"हळूच चाललेय," गाडी चालवणारी त्याची बायको विजयमाला पुढून म्हणायची.

ती पन्नाशीला आल्यावर गाडी शिकली होती, हौस म्हणून नव्हे. येरवड्याच्या दवाखान्यात व्यायामासाठी जयसिंगला दिवसाआड न्यायचं तर रिक्षात तो मावत नव्हता आणि रोज कुणापुढं तोंड वेंगाडायचं? सिंहगड रोडची गर्दी, स्वारगेटचा चौक, पुढं नदीवरचे पूल. परत तेवढंच. घरी आल्यावर स्वयंपाक, त्याची अंघोळ, कपडे. त्या घर्रर्र आवाजाला ती मान आखडून घ्यायची आणि तशीच आखडलेली मान घेऊन झोपायची.

एके दिवशी स्वारगेट ओलांडल्यावर मागचं टायर फाटलं. गाडी कशीबशी कडेला घेतली. जॅक लावायचा तर जयसिंगला बाहेर काढणं भाग होतं. दोन अनोळखी माणसांनी त्याला काखेत धरून उचललं, व्हीलचेअरमध्ये बसवलं आणि खुर्ची फूटपाथवर भर उन्हात ठेवली. बसथांब्यावरचे लोक बघत राहिले. तुळजाबाईनं पदर त्याच्या डोक्यावर धरला, तो त्यानं चांगल्या हातानं बाजूला सारला. समोर काढून ठेवलेल्या टायरची कड सगळीकडून कापत गेली होती. त्याकडं तो बघत होता. दवाखान्याची वेळ टळली. ते तसेच घरी आले.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "चाकं बदल."

"बदलते. कंपनीसारखी साधीच लावून आणते."

"साधी नकोत."

विजयमालाच्या हातात त्याचं तोंड पुसायचं फडकं होतं. "अहो, कोण बघतंय आता?" ती बोलून गेली.

जयसिंगनं मान भिंतीकडं वळवली. तुळजाबाईनं सुनेकडं एकदा पाहिलं आणि कप उचलून ती आत गेली. विजयमालालाही आपलेच शब्द बोचले, पण ते निस्तरायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडली.

पहिल्या दुकानात त्यांनी मडगार्डची कड आतून मुडपून द्यायची तयारी दाखवली. तिनं घरी फोन लावला. "गाडीला हातोडा लावायचा न्हाई," एवढंच जयसिंग म्हणाला.

दुसरं दुकान यज्ञेश्वर नावाच्या माणसाचं होतं. तो बोलायचा शांत आणि तिरकस. "मॅडम, चार नट बसले म्हणजे चाक बसलं असं नसतं. चाक बाहेर आलं की मडगार्डला लागतं, फार आत गेलं की स्टेअरिंग वळवताना आत लागतं. मधली जागा सापडायला हवी."

"मग सापडवा की."

त्यानं दिमाखदार चाकांचा एक सेट काढला, लावला, स्टेअरिंग पुरं वळवून दाखवलं. "बघा. कुठं घासतंय?"

"गाडी रिकामी आहे."

"रिकामी गाडी घासत नाहीये, हेच दाखवतोय."

"रिकामी गाडी मला कुठं न्यायचीय?" विजयमाला म्हणाली. आवाज चढवायचीही तिला ताकद नव्हती.

यज्ञेश्वरनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. "बरं. मग उद्या माणसं घेऊन या."

उद्या ती माणसं घेऊन आली. जयसिंग आणि तुळजाबाई मागं, व्हीलचेअर डिकीत. दुकानासमोरच्या खड्ड्यातून गाडी नेली मात्र, घर्रर्र.

"किंचित लागतंय," यज्ञेश्वर म्हणाला. "टायर घासून घासून आपोआप जागा करून घेईल."

"आणि आम्ही परत फूटपाथवर बसू."

दुसरा सेट लावायचा तर जयसिंगला उतरवणं आलं. विजयमालानं त्याचे हात आपल्या गळ्यात घेतले, त्याच्या गुडघ्यांना आपले गुडघे टेकवले, त्याला खुर्चीत घेतलं. चाकं बदलून झाल्यावर परत आत. या वेळी मागं काही घासलं नाही, पण वळण घेताना पुढून आतल्या बाजूनं फरफर आवाज आला. म्हणजे परत बाहेर. तिचा ब्लाउज घामानं पाठीला चिकटला होता. जयसिंगला खुर्चीत बसवताना तिची कंबर लचकली आणि ती तिथंच टायरच्या चळतीवर बसली.

"बस्स," ती म्हणाली. "काहीही लावा. जी असतील ती लावा. मला आता उचलवत नाही."

तुळजाबाई तिच्याजवळ आली, पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "दमली गं माझी बाय," ती म्हणाली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सासूच्या तोंडून असं कधी आलं नव्हतं. विजयमालाला रडू आलं आणि दुकानात माणसं होती तरी तिनं ते आवरलं नाही.

जयसिंग बायकोकडं बघत होता. मग त्यानं चांगला हात वर केला. "ती," तो यज्ञेश्वरला म्हणाला. "ती करडी. खालची."

मांडणीत सगळ्यात खाली धूळ खात साधी, मंद रंगाची चाकं पडली होती. आधीच्यांपेक्षा लहान आणि अरुंद.

"ती जुन्या डिझाइनची आहेत काका. कोणी घेत नाही."

"बसतील?"

यज्ञेश्वरनं चाक उलटं करून आतली बाजू पाहिली. "बसायला बसतील. पण दिसणार नाहीत काही."

"नसूंदे दिसत." मग जयसिंग थांबला, शब्द जुळवत म्हणाला, "लाव. पण मला आत बसवून बघ. तिला उचलू देऊ नको. तू उचल."

चाकं लावून झाल्यावर यज्ञेश्वरनं आणि दुकानातल्या एका माणसानं त्याला आत बसवलं. तुळजाबाईनं पाय मांडीवर घेतला. विजयमाला डोळे पुसून स्टेअरिंगवर बसली.

"खड्ड्यातनं घे," जयसिंग मागून म्हणाला. तिनं घेतली.

"आता उजवीकडं पुरं वळव. पुरं, पुरं. हां. आता डावीकडं." त्याच्या आवाजात पूर्वीची जरब होती. "त्या स्पीडब्रेकरवर जरा जोरात ने."

"जोरात? तुम्हाला लागेल."

"लागूंदे. ने."

तिनं नेली. गाडी आदळली, तुळजाबाई "आई गं" म्हणाली, पण चाकांचा आवाज आला नाही. त्यानं दोन्ही बाजूंना कान देऊन परत एकदा नेऊन आणायला लावली आणि मग म्हणाला, "चल घरी."

धायरी फाट्याच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा विजयमालानं आरशात पाहिलं. जयसिंग झोपला होता. झटका आल्यापासून गाडीत तो कधी झोपला नव्हता, सीटची कड घट्ट धरून बसायचा. आता हात मोकळा पडला होता. तुळजाबाईचाही डोळा लागला होता.

सोसायटीत गाडी लावून तिनं इंजिन बंद केलं. त्याला उठवायचं, खुर्ची काढायची, लिफ्टपर्यंत ढकलत न्यायचं. ती उतरली नाही. सीट थोडी मागं केली, डोकं टेकलं, डोळे मिटले. पार्किंगच्या सावलीत गार वाटत होतं.

"अगं," थोड्या वेळानं मागून जयसिंगचा आवाज आला, "पाय बधिर झाला."

"आले," ती म्हणाली आणि खुर्ची काढायला उतरली.