नळीवरचा चिखल

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे, आणि मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते. डोंगर चढले, नदीतून गेले, एकदा बैलाने दारावर शिंग मारलं तेही सोसलं. पण एक शब्द कानावर आला की आजही माझे नटबोल्ट ढिले होतात. तो शब्द म्हणजे 'भंगार'.

एकोणीसशे बहात्तर साली मी कारखान्यातून बाहेर पडले. पहिली दहा वर्षं रोह्याला एका ठेकेदाराकडे होते. कुंडलिका नदीच्या काठाने मी खडी वाहिली, पाइप वाहिले, माणसं वाहिली. "हिचं इंजिन नुसतं ऐकत बसावं," असं ठेकेदार पाहुण्यांना सांगायचा आणि मी फुशारून जायचे. पुढे त्याने नवी डिझेल गाडी घेतली. मी जवळच्याच वरसे गावात एका आंब्याखाली दोन पावसाळे उभी राहिले. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला, आणि हॉर्न मुका झाला तो कायमचा.

तिथून मला महिपतीने आणलं. वडखळच्या पुढे, खाडीला लागून त्याचं गाव. भाताची शेती, आणि तिची राखण करणारा मातीचा बांध. तो फुटून खारं पाणी आत आलं तर तीन-तीन वर्षं शेतात काही पिकत नाही. म्हणून त्या गावात चिखल हेच औषध. बांधाला भोक पडलं, लाव चिखल. भिंत तडकली, लाव चिखल. महिपतीचा तर चिखलावर देवाइतका विश्वास!

एके दिवशी माझ्या इंजिनावरची रबरी नळी तडकली. महिपतीने बोनेट उघडलं, तडा पाहिला, आणि काय केलं असेल? बांधावरचा मूठभर चिखल आणून थापला, वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. दोन दिवस मी झकास चालले. मग इंजिनाच्या उष्णतेने चिखल वाळला आणि भेगाळला. महिपती तोवर ते सगळं विसरूनही गेला होता.

त्या भेगेतून चोरटी हवा आत शिरू लागली. पळताना मी मोठे श्वास घेते, त्यात ती खपून जायची. पण उभी राहिले की माझा श्वास बारीक होतो, तेव्हा तीच हवा मला गुदमरवायची. मी लटलट कापायचे, आचके द्यायचे आणि बंद पडायचे.

"मिसिंग मारते," म्हणत महिपतीने मला पेणला पोपट मेस्त्रीकडे नेलं. मेस्त्रीने प्लग बदलले, पॉइंट घासले, कारबोरेटर धुतला. चिंधी दिसली, पण ती मुद्दाम बांधली असेल असं समजून त्याने तिला हात लावला नाही. दुखत कुठे होतं ते मला ठाऊक होतं. पण सांगणार कशी? तिसऱ्या खेपेला मेस्त्री हात पुसत म्हणाला, "महिपती, हिच्यात आता काय राम नाय. वडखळला भंगारवाला हाय, त्याला दे."

"अमावास्येचं उधाण जाऊ दे, मग बघू," महिपती म्हणाला. माझ्या टाकीतलं पेट्रोलच थिजलं. त्या दिवसापासून मी अमावास्येची वाट पाहत होते, फाशीची पाहावी तशी.

अमावास्येला भर दुपारी भरती चढली आणि बांधाला खांड पडली, चांगलं भगदाडच. सगळी गावकी धावली. मातीच्या गोणी माझ्या पाठीवर लादल्या गेल्या. बांध बैलगाडीएवढाच रुंद. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पोटरीला आलेलं, लोंबी धरू पाहणारं भात. खांडीजवळ माणसांची गर्दी होती म्हणून महिपतीने ब्रेक लावला. मी थांबले, आचके दिले आणि बंद पडले. मागून गोणी घेऊन येणाऱ्या बैलगाड्या माझ्यामुळे अडकल्या.

"लोटा तिला खाडीत!" कोणीतरी ओरडलं.

पाणी माझ्या चाकांना चाटत होतं. मला मरणाची भीती वाटली. पण त्याहून जास्त भीती वाटली ती ते भात माझ्यापायी बुडेल याची.

महिपती घामाघूम होऊन हँडल मारत होता. इंजिन चार ठोके घ्यायचं आणि मरायचं. तेवढ्यात त्याची म्हातारी आई, धोंडुबाई, डोक्यावरची मातीची पाटी टाकून पुढे आली. तिचा जन्म बांधावर गेलेला. भरतीच्या वेळी खेकड्याचं बीळ बारीक सुस्कारतं, तो आवाज ऐकून ती भोक हुडकायची. कारण आज खेकड्याचं बीळ, ते उद्याची खांड.

"गप ऱ्हावा सगली!" ती कडाडली. "महिपती, पुन्ना फिरव." तिने बोनेटखाली कान नेला. चार ठोके, आणि त्यात एक बारीक 'सूंऽऽ'.

"बील हाय हिला! हितं!" तिने चिंधी ओढली. "ह्यो चिखल कोनी लावला?"

महिपतीने हँडल सोडलं. "मीच लावला, आये," तो खाली मान घालून म्हणाला. "इसरलो."

"मेल्या, बांधाचा चिखल वला ऱ्हातो म्हनून टिकतो. ही तर चूल हाय!"

तिने वाळलेली ढेकळं खरवडून काढली आणि तड्यावर अंगठा दाबला. महिपतीने हँडल मारलं. मी सुरू झाले, आणि सुरूच राहिले! मग गोणी बांधायची रबरी ट्यूबची पट्टी तिने नळीवर करकचून गुंडाळली. त्या दुपारी मी सात खेपा केल्या. गोणी उतरेपर्यंत उभी राहिले, पण एकदाही बंद पडले नाही. ओहोटी लागली तेव्हा खांड बुजली होती आणि भात उभं होतं.

पुढे मेस्त्रीने नवी नळी घातली. भंगारवाल्याचं नाव कोणी काढलं नाही. दर अमावास्येला सकाळी धोंडुबाई यायची, मला चालू करायला लावायची, कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "व्हय, बरी हायस."

ती जाऊन दोन वर्षं झाली. महिपतीला आता कमी ऐकू येतं. आणि मित्रांनो, गेल्या आठवड्यापासून माझ्यात दुसऱ्याच जागी तो बारीक आवाज पुन्हा सुरू झाला आहे. अमावास्या चार दिवसांवर आली. महिपती रेस देतो, "चालते की," म्हणतो आणि निघून जातो.

थरथरणाऱ्या यंत्राला मोडीत काढण्याआधी त्याच्याजवळ क्षणभर गप्प उभे राहा. कुठे दुखतं, हे ते सांगत असतं. आणि कधी वडखळवरून गेलात, तर बांधाच्या तोंडाशी, शेवग्याखाली मी उभी आहे. माझं बोनेट उघडून तेवढा कान द्याल का?