एका पेराची बासरी

"'आपण पाठवलेली हवा ऐकली. सूर ऐकू आला नाही.' काका, असं लिहिलंय," नंदाने कॉम्प्युटरवरचं पत्र वाचून दाखवलं.

"मागच्या खेपेलाही हेच लिहिलं होतं."

"मागच्या खेपेला 'कृपया' होतं. आता तेही नाही. आणि खाली लिहिलंय, मार्चअखेरपर्यंत एका श्वासाचा एक सूर आला नाही तर पुढचा धडा मिळणार नाही. आठ जणांचाच वर्ग आहे, बाकीचे सातजण पुढे गेलेत."

दामाजी भोईर खुर्चीत तसाच बसून राहिला. एक सूर! अख्खा अभंग नाही, सरगम नाही, नुसता एक सूर. तीस वर्षं गावच्या भजनी मंडळात ज्याची बासरी ऐकायला दिवा गावाहून माणसं यायची, त्याला जपानात बसलेला कुणी ओकुदा 'हवा ऐकली' म्हणून कळवत होता. त्याचं डोकंच फिरलं. फिरून करतो काय? ओकुदा समोर नव्हता, आणि नंदाचा बिचारीचा काही दोष नव्हता. ठाकुर्ली स्टेशनपाशी तिने नुकतंच सायबर कॅफे उघडलं होतं. दामाजीची इंग्रजी पत्रं तीच लिहायची, तीच वाचायची.

दोन वर्षांपूर्वी, सत्त्याण्णवच्या दिवाळीत, दामाजी सकाळी उठला तो डावा गाल लोंबकळतच. औषधं झाली, मालिश झालं, खोपटच्या एका वैद्याचे लेप झाले. गाल बराचसा वर आला, पण ओठाचा डावा कोपरा काही मिटेना. आडवी बासरी तोंडाला लावली की निम्मी फुंक तिथूनच बाहेर. मंडळाने त्याच्या हातात टाळ दिले. वाईट हेतूने नव्हे, पण दिले. टाळ काय, कुणीही वाजवतं! त्यानंतर दर एकादशीला तो मागच्या रांगेत बसायचा आणि घरी येऊन कुणाशी बोलायचा नाही.

मग पेपरात चार ओळींची बातमी आली. जपानात फार जुनी, एकाच पेराची बांबूची बासरी होती, मधल्या काळात वाजवणारं कुणी उरलं नव्हतं, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ती पुन्हा वाजू लागली आहे आणि आता इंटरनेटवरून शिकवलीही जाते. ही बासरी उभी धरतात आणि वरच्या टोकावर फुंकतात. उभी! म्हणजे ओठाचा मधला भाग चालला तरी भागेल, असं दामाजीने आपलं आपणच ठरवून टाकलं. नंदाकडून पत्र गेलं, शिकवणाऱ्या ओकुदांनी मापं कळवली. दामाजी कंपनीत सव्वीस वर्षं टर्नर होता, माप म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. सहा बांबू फुकट घालवून सातव्यातून त्याने दीड वितीची बासरी केली. पुढे चार भोकं, मागे एक. केसाचाही फरक नाही. फक्त वाजत नव्हती.

तो तणतणत घरी आला. अंगणात पाय टाकला आणि थबकला.

परसातून आवाज येत होता. जाडसर, खालचा, एका पातळीत चाललेला. कुणाचा रेडिओ असेल म्हणून तो मागे गेला, तर चुलीपुढे त्याची आई बसलेली. चंद्रभागाबय, वय ऐंशीच्या घरात, तोंडात एक दात नाही. घरात गॅस होता, पण तांदळाची भाकरी गॅसवर भाजायची म्हणजे तिच्या मते पीठ वाया घालवणं. तिच्या दोन्ही मुठींत त्याची बासरी होती आणि बासरीचं खालचं टोक निखाऱ्यांत.

"बय!" दामाजी एवढ्या जोरात ओरडला की कुंपणावरच्या कोंबड्या खाली पडल्या. "अगं ती बासरी हाय! जाललीस ना!"

"कं बोंबलतस?" बय शांतपणे म्हणाली. "माझी लोखंडी फुकनी कुठं हाय? तू नेलंस. मंग मी कं तोंडान इस्तव फुकू?"

हे खरं होतं. पेरातला पडदा फोडायला त्यानेच तिची फुंकणी खोलीत नेली होती आणि परत ठेवायला विसरला होता. त्याला स्वतःचाच राग आला, आणि स्वतःचा राग कुणावर काढता येत नाही म्हणून तो अजूनच चिडला.

"आनि ही कसली फुकनी केलंस रं?" बयचं चालूच. "हिला भोका कनाला? हवा जाते सगली. दोनी हातांनी दाबून धरलीय मी."

दामाजीने बासरी हिसकावून घेतली. टोक काळं पडलं होतं, चिरलं मात्र नव्हतं. तो पुसता पुसता थांबला.

"बय, मगाशी आवाज तूच काढलास?"

"मी कनाला काढू? ती आपलीच बोंबलते."

"परत फुक बरं."

तिने बासरी खालच्या ओठाखाली टेकवली. लोखंडी फुंकणी तापते, ओठ भाजतात, म्हणून साठ-पासष्ट वर्षं ती फुंकणी अशीच धरत आली होती, जरा सोडून, जरा वरून. पाचही भोकं मुठींत, आणि एक लांब, संथ फुंक. सूर आला, श्वास संपेपर्यंत हलला नाही. दामाजीने धावत जाऊन टेपरेकॉर्डर आणला.

दुसऱ्या दिवशी नंदाने टेप कॉम्प्युटरच्या माईकला लावून आवाज भरून घेतला. लाइन दोनदा तुटली, तिसऱ्यांदा पत्र गेलं. "काका, जमलं की तुम्हाला!" ती म्हणाली.  खोटं बोललो नाही, नुसता गप्प राहिलो, अशी दामाजीने मनाची समजूत घातली.

चार दिवसांनी उत्तर आलं. नंदाचा आवाज वाचतानाच चढला. "'चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगतो आहे, वाजवायला जाऊ नका, फक्त फुंका. या सुरात वाजवण्याची हाव नाही. यात काही बदलू नका. दुसरा धडा सोबत आहे.' काका, पेढे आणा!"

 महिनाभर दामाजीने ज्या कौतुकासाठी जीव आटवला ते समोर होतं, आणि त्यातलं अक्षरही त्याचं नव्हतं.

"लिही. तो सूर माझा नाही, आईचा आहे. तिला बासरी येत नाही. चूल येते."

"अहो काका, वेडेबिडे आहात का? दुसरा धडा आलाय!"

"लिही म्हणतो ना! आणि ओठाचंही लिही. ते मी लपवलेलं."

या वेळी उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. "'ज्याचा सूर, त्याची जागा. वर्गातली जागा आपल्या आईंना दिली आहे. आपण त्यांच्याजवळ बसून शिकावं.'"

"आता आईला जपानी शिकवू मी?" दामाजी खेकसला. पण घरी जाऊन त्याने बयला सगळं सांगितलं.

"मना येल नाय, भाकऱ्या व्हायच्या हायत," बय पीठ मळता मळता म्हणाली. "तूच बस इकरं."

तो चुलीपुढे बसला. दोन्ही हातांनी भोकं दाबून त्याने फुंकलं. हवा. पुन्हा हवा. डावीकडून सगळी निसटत होती. भर्रकन राख उडाली आणि बयच्या डोळ्यांत गेली.

"आरं, इस्तव जागवाचा हाय, इझवाचा नाय! हलू फुक."

"हळू काय फुकू? तोंडच मिटत नाही, दिसत नाही तुला?" दोन वर्षांत तो हे पहिल्यांदाच कुणाला म्हणाला.

बयने त्याच्याकडे पाहिलं. मग पिठाने भरलेलं बोट तिने त्याच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं आणि कोपरा वर दाबून धरला, लहानपणी शेंबूड पुसताना धरायची तसा.

"आता फुक."

आधी हवाच आली. मग हवेच्या आतून काहीतरी जाड, खरखरीत उठलं आणि सरळ झालं. दामाजीचे डोळे भरले, पण त्याने श्वास सोडला नाही. निखारे लाल झाले. तव्यावरची भाकरी फुगून वास सुटू लागला, तसं बयने भाकरी उलटायला बोट काढलं, आणि सूर गेला.

 दामाजी ओठावरचं पीठ न पुसता, बासरी तशीच तोंडाशी धरून, भाकरी भाजून व्हायची वाट बघत बसला.