तुळसाबाईच्या पायाची बुरशी

तुळसाबाईनं पाय पुढे केला आणि लीलाबाईला ओकारी आली. सख्ख्या बहिणीचा पाय, तरी आली. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरीफटक होऊन सुटत होती, खाली लाल मांस दिसत होतं. वास तर विचारूच नका. महिनाभर धानाच्या रोवणीच्या चिखलात उभं राहिलं की खैरलांजीकडच्या बायकांच्या पायांना चिखल्या होतातच. पण यंदा तुळसाबाईला उंबरठा ओलांडणंही जड झालं होतं. मेंदी लावून झाली, रॉकेल चोळून झालं. लीलाबाईनं नाकाला पदर लावला आणि कॉलेजातल्या सरांनी दिलेल्या पात्यानं सुटलेली कातडी खरवडून बाटलीत घेतली.

"याचं काय करतेत तुह्ये सर?"

"औषध करून राह्यले. चांदीचं. थांब थोडी."

लीलाबाई बालाघाटच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काम करत होती. तिथले गुणाकर सर कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यात सिल्व्हर नायट्रेट टाकत. तासा-दोन तासांत काढा चहासारखा तांबूस होई. त्यात चांदीचे डोळ्याला न दिसणारे कण तयार होतात, त्यांना नॅनो म्हणायचं, आणि ते बुरशीला मारतात, असं सरांनी तिला समजावलं होतं. तिनं साधंच विचारलं, की आमच्या बायकांच्या बोटांत चांदीची जोडवी असतात, मग चिखल्या होतात कशाला? सर हसले. ती ठोकळ चांदी, ही बारीक, म्हणाले. पाला उकळायचा लीलाबाईनं, बटाटे उकडून बुरशीचं खाद्य करायचं लीलाबाईनं, आणि चांदीच्या डागांनी बोटं काळी व्हायची तीही लीलाबाईचीच.

तुळसाबाईची बुरशी काचेच्या बश्यांत कापसासारखी फोफावली. बशीतल्या खाद्यात मधोमध पाडलेल्या खड्ड्यात काढा टाकला की भोवती स्वच्छ गोल उरायला हवा, तिथं बुरशीनं यायला नको. पहिल्या खेपेला गोल उरलाच नाही. दुसऱ्या खेपेला नखाएवढा उरला. तिसऱ्या खेपेला बुरशी सरळ खड्ड्यात चढून बसली. दर वेळी लीलाबाई ते सडकं कुकरमध्ये उकळायची, बश्या घासायची आणि जेवणाचा डबा न उघडताच घरी न्यायची. कुरकुर केली नाही. बहिणीचं औषध होतंय ना! रविवारी गावी गेली की तुळसाबाई भिंत धरून दाराशी यायची आणि झालं का म्हणून विचारायची. बाकीच्या बायका निंदणाला जात होत्या, ही घरात बसून होती.

नागपूरच्या परिषदेला दहा दिवस उरले. धुतलेल्या बश्या घेऊन लीलाबाई खोलीत शिरली तेव्हा सर एका लहानशा प्लास्टिकच्या बाटलीतून खड्ड्यांत थेंब सोडत होते. तिला पाहून दचकलेसुद्धा नाहीत. भांडी घासणारीला काय कळतंय! आठवड्यानं त्या बश्यांत रुपयाएवढे लख्ख गोल उमटले. सरांनी फोटो काढले आणि ते नागपूरला गेले.

कचरा टाकताना लीलाबाईला ती बाटली सापडली. बसस्टँडजवळच्या मेडिकलवाल्याला तिनं ती दाखवली. चिखल्यांचंच औषध आहे, सगळे हेच नेतात, तो म्हणाला.

बावीस वर्षं तिनं कुजकं, नासकं, किडकं धुतलं होतं, पण अशी शिसारी तिला कशाचीच आली नव्हती. औषध दुकानात होतं. सरांना ठाऊक होतं. आणि इकडे आपणच बहिणीला थांब थांब म्हणत दोन महिने कुजत ठेवलं! तिला सरांची किळस आली, तेवढीच स्वतःचीही आली.

तिनं नवी बाटली घेतली आणि तडक खैरलांजीची बस धरली.

"सरनं देल्लं का, बाई?" तुळसाबाईनं हात जोडून विचारलं.

नाही म्हणावं, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"हौ," लीलाबाई म्हणाली.

तीन आठवड्यांत पाय भरून आले. धान कापून झाल्यावर तुळसाबाईनं थैलीभर नवा तांदूळ बांधून दिला. सरांना द्यायला सांगितला, माझ्या वतीनं पाया पड म्हणाली. लीलाबाईनं थैली तर आणली. पाया पडणं मात्र तिला जमणार नव्हतं.

सरांच्या टेबलावर परिषदेत मिळालेली शाल घडी करून ठेवली होती. त्यांनी थैलीत हात घातला, मूठभर तांदूळ काढून नाकाशी नेला. सुवासिक चिन्नोर तांदळाच्या वासानं त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा! कुणी पाठवला?"

"माह्या बहिणीनं. तुमच्या बश्यांत जिच्या पायाची बुरशी हाय, तिनं. रोवला बी तिनंच."

सरांची मूठ उघडली. काही दाणे थैलीत पडले, काही टेबलावर. ते उठले, बेसिनपाशी गेले आणि साबण लावून हात चोळू लागले. आमच्या घरी असलं चालत नाही, तुम्हीच न्या, असं त्यांनी पाठमोऱ्यानंच सांगितलं.

लीलाबाईनं टेबलावरचा एकेक दाणा वेचून थैलीत टाकला. थैलीचं तोंड बांधलं. सर अजून हात धूत होते.