मोशेच्या सासऱ्याला जेवू कोणी घातलं?

"मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसूनच होता, मग दमला कसा?" यास्नाने विचारलं.

"नुसता बसला नव्हता. न्याय करत होता," डॉन आब्दोन म्हणाला. "लोक भांडणं घेऊन यायचे. रांग लागायची."

"कसली भांडणं?"

"असतील. याची मेंढी त्याच्या बटाट्यात शिरली."

"एवढंच? मेंढी हाकलायची."

बाकीची मुलं हसली. शेगडीभोवती बाकांवर दाटीवाटीने बसली होती ती, ओले बूट शेगडीला टेकवून. स्वयंपाकघरात करपलेल्या रबराचा वास सुटला होता. शनिवारचा हा धर्मशिक्षणाचा वर्ग आब्दोनच्या बायकोचा, ओतिल्याचा. ती मुलांना गरम तळलेल्या पुऱ्या द्यायची आणि पुऱ्या संपेपर्यंत बायबल सांगायची. ती हिवाळ्याच्या तोंडावर वारली. वर्ग मी चालवते, असं गावातल्या दोघीतिघी म्हणाल्या होत्या. आब्दोन म्हणाला, नको, मी आहे.

तो बेटावरचा फिस्काल होता. पाद्री लाँचने यायचा, तोही समुद्राची मर्जी असेल तेव्हा. बाकी सगळं फिस्कालने बघायचं. चॅपेलची किल्ली, घंटा, मेणबत्त्या, मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, मेलेल्याची माती. बायकोच्या मातीलाही प्रार्थना त्यानेच म्हटली, दुसऱ्याला म्हणू दिली नाही. मध्येच शब्द विसरला. लोक माना खाली घालून उभे राहिले. त्याने विचारलं असतं तर कोणीही पुढची ओळ सांगितली असती.

आता तो पाद्रीने पाठवलेल्या पुस्तिकेतून शिकवत होता. धड्याचं नाव होतं, जबाबदारी वाटून घेणे आणि मदत स्वीकारणे.

"तर मोशेचा सासरा इथ्रो आला," आब्दोनने वाचायला घेतलं. "त्याने ती रांग बघितली आणि म्हणाला, तू करतोयस ते बरं नाही. तू झिजून जाशील आणि ही माणसंही."

"सासरे असंच बोलतात," एदगार्दो म्हणाला. तो मुलांत सगळ्यात जाडा. "माझे आजोबा बाबांना पहिल्याच दिवशी म्हणाले, जावई, तुझी होडी बरी नाही."

"मग?"

"नव्हतीच बरी. बुडाली."

"गप बसा. इथ्रो म्हणाला, चांगली माणसं निवड. कोणाला हजारांवर नेम, कोणाला शंभरांवर, कोणाला दहांवर. लहान भांडणं त्यांना सोडवू दे."

"मोशेची बायको कुठे होती?" यास्नाने विचारलं.

"माहेरी. सासरा तिला आणि मुलांना घेऊन आला होता."

"मग सरळ आहे ना. बायको माहेरी होती म्हणून दमला."

"तसं लिहिलेलं नाही. हेही ऐक. आदल्या दिवशी मोशेचा भाऊ अहरोन आणि सगळे म्हातारे पुढारी मोशेच्या सासऱ्याबरोबर भाकर खायला आले होते."

"भाकर कोणी भाजली?"

आब्दोनने पान उलटलं. मागचंही बघितलं. "लिहिलेलं नाही."

"हजारांवर माणूस नेमला, दहांवर नेमला," यास्ना बोटांवर मोजत म्हणाली, "आणि चुलीवर कोणीच नाही नेमला? एवढे म्हातारे आले, खाऊन गेले आणि जेवू कोणी घातलं ते माहीतच नाही?"

"ज्याने लिहिलं त्याने कधी भांडी घासली नसणार," एदगार्दो म्हणाला.

पोरं बाकावरून पडायच्या बेतात आली. आब्दोनने टेबलावर हात आपटला.

"मिंगा करा म्हणणं सोपं आहे! जेवू कोण घालणार?"

 मिंगाचं नाव कोणीच काढलं नव्हतं.

घराखालची दरड समुद्राने खात आणली होती. अंगणातलं सफरचंदाचं झाड आधीच खाली गेलं होतं. येत्या वादळात घराची पाळी, हे बेटावर सगळ्यांना दिसत होतं. घर वर बटाट्याच्या शेतात न्यायचं तर मिंगा करावी लागते. माणसं आणि बैल जमवायचे, लाकडी घर जमिनीपासून सोडवून दोन लांब तुळयांवर बांधायचं आणि ओढत न्यायचं. मजुरी नसते. पण घरधन्याने दारोदार जाऊन स्वतःच्या तोंडाने मागायचं असतं. न मागता कोणी दोराला हात लावला, तर तो त्या घराचा अपमान. आणि काम झालं की आलेल्या प्रत्येकाला पोटभर खाऊ घालायचं. ज्याच्या मिंगात माणूस उपाशी परतला, त्याचं नाव त्याच्या नातवंडांपर्यंत निघतं.

आब्दोनला मागता यायचं नाही, आणि स्वयंपाकही यायचा नाही. म्हणून त्याने घर एकट्याने सुटं करून न्यायचं ठरवलं होतं. मागच्या भिंतीच्या काही फळ्या त्याने पहारीने उचकटल्या होत्या. तिथून येणारा वारा मुलांच्या पाठीत शिरत होता.

संध्याकाळ व्हायच्या आत यास्नाची आजी दारात उभी राहिली. डोन्या सुनिल्दा. शेजारीण.

"अहो शेजारी, तुमची बायबल शिकवायची पद्धत भारी आहे. आमची यास्ना मला विचारते, आजी, डॉन आब्दोनच्या मिंगात जेवू कोण घालणार? मी म्हटलं, कुठली मिंगा?"

"मिंगा नाहीये."

"मग ती भिंत उंदरांनी खाल्ली का?"

"मी सुटं करून नेतोय. हळूहळू."

"समुद्राला सांगितलंत का, बाबा, तूही हळूहळू खा?"

आब्दोनने तिला माते करून दिला, नळीने ओढायचा कडवट पाल्याचा चहा. तो ओतिल्याच्या जागेकडे न बघता शेगडीच्या अलीकडच्या बाजूला बसला. सुनिल्दा नळी तोंडात धरून वाट बघत राहिली. तो बटाट्यांवर पडलेल्या रोगाबद्दल बोलला. मग लाँचच्या वेळापत्रकाबद्दल बोलला. मातेत नुसतं पाणी उरलं तरी ती ओढत होती.

"ओतिल्या माझ्याकडे रोज काहीतरी मागायला यायची," ती शेवटी उठत म्हणाली. "मीठ, सुई, शेजारच्यांच्या बातम्या. आणि तुम्ही माझ्याकडे कधी काडेपेटीसुद्धा मागितली नाही. मला वाटायचं, या माणसाला माझा वास येतो की काय."

ती गेल्यावर आब्दोनने विचार केला आणि त्याला आपल्या मते फार हुशारीची गोष्ट सुचली. माणसं थोडी मागायची. जितकी थोडी माणसं, तितकी थोडी तोंडं. एका पातेल्यात भागेल.

तो ओतिल्याच्या दोन भावांकडे गेला, दारातच उभा राहिला आणि "शनिवारी इकडे येणार असाल तर बैल आणा" असं काहीतरी आपल्या बुटांना सांगून परतला. मेव्हणे चांगले होते. त्यांनी बुटांना सांगितलेलंही ऐकलं.

शनिवारी आब्दोनने उजाडताच वर शेताच्या कडेला चूल मांडली, मेंढीचं मटण आणि बटाटे ओतिल्याच्या मोठ्या पातेल्यात घातले, खाली भरपूर लाकडं सारली आणि घराकडे धावला. दारं-खिडक्या काढून ठेवल्या होत्या. मेव्हण्यांनी तुळया बांधल्या, जू चढवली. मुलं आधीच हजर होती. मुलांना मिंगाला बोलावावं लागत नाही.

घर हललं. कुरकुरत, खिडक्यांची भोकं वासून ते दरडीपासून दूर निघालं, आणि आब्दोन त्याच्या पुढे, मागे, बाजूला पळत "डावीकडे! डावीकडे!" ओरडत राहिला. मोठा मेव्हणा लादिस्लाओ म्हणाला, "दाजी, बैलांना डावं-उजवं कळतं. तुम्ही मध्ये येताय एवढंच त्यांना कळत नाही."

चढावर, शेताच्या अलीकडे पाण्याचा चर होता. तुळयांची टोकं त्यात घुसली आणि घर थांबलं. बैलांनी गुडघे टेकले. दोर ताणून शिट्टीसारखा वाजायला लागला. घर मागे कलायला लागलं. मागे उतार होता आणि उताराच्या शेवटी दरड.

"अजून दोन जोड्या पाहिजेत," लादिस्लाओ ओरडला. "नाहीतर हे आलं तसं खाली जाईल!"

आब्दोनने मागच्या भिंतीला खांदा लावला. या भिंतीपलीकडे ओतिल्याची खाट होती, ती तिथेच वारली होती. तो सगळ्या अंगाने रेटत होता आणि घराला त्याची खबरही नव्हती.

"डॉन आब्दोन," यास्ना त्याच्या कोपराशी येऊन म्हणाली, "ती माणसं कुंपणावर का बसलीत?"

त्याने मान वळवली. शेताच्या कुंपणावर अर्धं बेट बसलं होतं. माते फिरत होता. पलीकडे बैल उभे होते, जू बांधलेले. सगळे घराकडे बघत होते आणि कोणी जागचं हलत नव्हतं.

"मी त्यांना मागितलं नाही."

"का?"

"जेवण पुरणार नाही."

"जेवण जळलंय. मी बघून आले. खाली कोळसा, वर धूर." यास्नाने जरा विचार केला. "म्हणजे आता कितीही माणसं आली तरी सगळ्यांना सारखंच मिळणार. काहीच नाही."

 आब्दोनने भिंतीवरून खांदा काढला. घर जितकं कललं होतं तितकंच कललेलं राहिलं.

तो कुंपणाकडे चालत गेला. पहिला हेरिबेर्तो बसला होता. बेटावरची सगळ्यात तगडी बैलजोडी त्याची. दोघं लहानपणी एकाच बाकावर मार खाल्लेले.

"काय फिस्काल?" हेरिबेर्तो म्हणाला. "हवा बरी आहे आज."

"बैल आणलेस?"

"फिरायला आणलेत. त्यांनाही हवा लागते."

"जू बांधून?"

"मोकळे सोडले की लाजतात."

कुंपणावर कोणीतरी मातेच्या नळीतच फुसकन हसलं. मागे दोर पुन्हा वाजला. आब्दोनने टोपी काढली.

"हेरिबेर्तो, घर अडकलंय. माझ्याने ते निघत नाही. तू ये. तुझे बैल घेऊन ये." तो थांबला, पण थांबून उपयोग नव्हता. "आणि जेवायला काही नाही. होतं ते मी जाळलं."

"हे सगळं एकदमच मागतोयस?"

"एकदमच."

"माझ्या आईच्या मातीला एवढी मोठी प्रार्थना म्हटलीस, तेव्हासुद्धा इतका घामाघूम झाला नव्हतास." हेरिबेर्तोने कुंपणावरून उडी मारली. "सरका रे! दोर आणा!"

आब्दोन त्याच्यामागे धावणार, तेवढ्यात शेजारून खाकरणं ऐकू आलं.

"मला ओलांडून चाललात का, शेजारी?"

"डोन्या सुनिल्दा, ती चूल..."

"काय झालं चुलीला?"

"चूल बघाल का? मला स्वयंपाक येत नाही."

"ते सकाळपासून वाऱ्यावरून सगळ्या बेटाला कळलंय. पण तुमच्या तोंडून ऐकायला गोड लागतं." ती खाली उतरली आणि कुंपणामागच्या गवतातून एक झाकलेली टोपली उचलली. तिच्या शेजारच्या बाईनेही उचलली. मग तिच्या शेजारच्या. गवतात टोपल्यांची ओळ होती. किसलेल्या बटाट्याच्या भाकरी, उकडलेले शिंपले, सफरचंदाच्या दारूचे कॅन. "त्या पातेल्यातलं डुकरांना घालते," ती म्हणाली. "खाल्लं तर."

आब्दोन पुढच्याकडे गेला. मग त्याच्या पुढच्याकडे. कोणीही सवलत दिली नाही. प्रत्येकाने तोंड वळवून हवेबद्दल काहीतरी म्हटलं आणि प्रत्येकासाठी त्याला पूर्ण वाक्य बोलावं लागलं. एदगार्दोच्या बापाने तर "ऐकू आलं नाही" म्हणून दोनदा बोलायला लावलं. वाक्य मात्र दर खेपेला जरा लहान झालं. घर अडकलंय, या. मग नुसतं, या.

मागे आरोळी उठली. नव्या जोड्या लागल्या होत्या. घराचं नाक चरातून वर आलं आणि पोरं किंचाळली. आब्दोनचे पाय तिकडे वळले. दोराला त्याचा हात नाही, असं कुठलं काम या बेटावर आजवर झालं नव्हतं.

पण कुंपणाच्या टोकाला म्हातारा क्रिसोलोगो उरला होता. तो दोन काठ्यांवर चालायचा. त्याच्याकडे बैल नव्हते, टोपली नव्हती. धुतलेला सदरा घालून, टोपी हातात धरून तो समोर बघत बसला होता आणि आब्दोनकडे अजिबात बघत नव्हता.

आब्दोन त्याच्यापर्यंत गेला.

"डॉन क्रिसोलोगो, या."

"कशाला? मला काय ओढता येतंय?"

 आब्दोनने घराकडे बघितलं. घर चढत होतं. तिथे प्रत्येक दोराला हात होते आणि त्याच्यासाठी जागा नव्हती.

"मला नुसतं बघत बसता येत नाही," तो म्हणाला. "शिकवायला या."

म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर चढवली, एक काठी बाजूला घेतली आणि कुंपणावर जागा करून दिली. आब्दोन बसला. त्याच्या मांडीवरचे हात उगाच उघडमीट करत होते. म्हाताऱ्याने काठीने त्यांच्यावर हलकेच टोकरलं.

"हात आधी," तो म्हणाला.

आब्दोनने हात आवरले. दोघं बघत बसले.

"डावीकडे जातंय," थोड्या वेळाने आब्दोन म्हणाला. "वाकडं बसेल."

"बसेल."

आब्दोनने हात मांड्यांखाली सारले.

"बसू दे," तो म्हणाला.