उलटी लव

चारचौघांत तोंड उघडायचं धाकटी नेहमीच टाळायची. एकदा शिवणाच्या कारखान्यात तिनं जरा मोठ्यानं कात्री मागितली, तर आवाज चिरकला आणि सगळ्या बायका हसल्या. त्या दुसऱ्या मिनिटाला विसरल्याही. हिनं मात्र ते हसू जपून ठेवलं. नको ते जपायची माणसाला भारी हौस.

त्या दिवशी नाट्यगृहाचा मखमली पडदा शिवून होत आला होता. मखमलीची लव, म्हणजे तिच्यावरचे बारीक मऊ तंतू, सगळ्या पट्ट्यांवर एकाच दिशेला असावी लागते. एखादा पट्टा उलटा जोडला गेला, तर उजेडात त्याचा रंग वेगळाच दिसतो. धाकटीला इथं चिकटवणाऱ्या तिच्या सख्ख्या मावशीनं शेवटचा पट्टा टाचला आणि ती म्हणाली, "माझे डोळे हल्ली दगा देतात. लव बघ गं, बरोबर आहे ना?"

धाकटीनं हात फिरवला. लव उलटी होती. पण बायका घरी जायला चपला शोधत होत्या. 'नाही' म्हटलं असतं, तर साऱ्या माना हिच्याकडे वळल्या असत्या. तिनं मान डोलावली. मावशीनं निर्धास्त मशीन चालवलं.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृहात पडदा टांगला, दिवे लागले, आणि कडेचा पट्टा काळपट दिसू लागला. कारखान्याच्या मालकीणबाईंनी सगळ्यांदेखत मावशीला फैलावर घेतलं. डोळे गेले असतील तर घरी बसा, उद्यापासून येऊ नका, म्हणाल्या. मावशी खाली मान घालून उभी. आता बोलते, मग बोलते म्हणता म्हणता धाकटीची वेळ निघून गेली.

घरी जाताना वाटेत तिला रडू फुटलं. "मला कळलं होतं, मावशी."

"ठाऊक आहे. तुझा हात इतका कच्चा नाही."

"मग तिथं सांगितलं का नाहीस?"

मावशीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सगळ्या तुझ्याकडे बघत राहिल्या असत्या. तुला सोसत नाही ना ते."

शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं धाकटीला झालं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी तिनं मालकीणबाईंना एकटं गाठलं आणि दार लोटून सगळं सांगितलं.

"मी तिला चारचौघांत बोलले," त्या म्हणाल्या. "तूही हे चारचौघांतच सांग."

त्यांनी दार उघडलं. एकेक करून मशिनं थांबली. मावशीचं तेवढं झाकलेलं होतं.

"लव मी बघितली होती," धाकटी म्हणाली, आणि आवाज चिरकला. मागून कोणीतरी हसलं. ती पुढं बोलत राहिली.