चूलबंद आवतन

दूध संघाची डेअरी दुष्काळात बंद पडली, आणि केशरबाईंच्या सुनेनं, अंजनानं, तिथल्या भिंती कोळशाच्या चित्रांनी भरून टाकल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या गावच्या बायका तिथं उभ्या राहिल्या, माणसाएवढ्या, डोक्यावर मोळ्या घेऊन. चेअरमन माणिकरावांनी बजावलं होतं, "आज गाव बघायला आलं तर ठेव तुझं चित्रघर. न्हाई आलं तर उद्या चुना मारून कडबा भरतो."

दुपार कलली तरी चिटपाखरू फिरकलं नाही. अंजना घरी येऊन उंबऱ्यात बसली.

"आत्याबाई, वेशीला फलक लावला, मोबाईलवर समद्यांना धाडलं. कुणीच कावून येईना?"

केशरबाई सकाळपासून नवं लुगडं नेसून घरातच होत्या.

"मी तरी आले का?"

"तुमी तर घरच्या…"

"घरच्याला बी तोंडानं बोलवावं लागतं. फलक काय दारात येऊन 'या' म्हणतो व्हय?"

अंजनानं डोळे पुसले, पदर सारखा केला. "आत्याबाई, चित्रं बघायला या."

"आता कसं!"

सासू-सून आवतन द्यायला निघाल्या. पहिल्याच दारात जानकीबाईंनी विचारलं, "एकटीचं आवतन, का घराचं?"

केशरबाईंचा ताठा उसळला. "केशरबाई एकटीला बोलावती व्हय? चूलबंद! आज घरात चूल पेटवायची न्हाई." एका दारी चूलबंद म्हटल्यावर दुसऱ्या दारी कमी कसं म्हणणार? मारुतीची आळी झाली, विहाराची आळी झाली. सगळं गाव जेवायला!

"आत्याबाई, कणगीत खडखडाट हाय," अंजना पुटपुटली.

"शब्द गेला तो गेला. चल."

डेअरीपाशी जानकीबाई आधीच हजर, काखेत पिठाचा डबा. "माझी चूल तर तू बंद केली. आता भाकरी कुठं थापू ते बी सांग!" मागून कुणी डाळीचं पीठ आणलं, कुणी मिरच्या, कुणी सरपण. पटांगणात तीन दगडांच्या चुली धडधडल्या. पिठाच्या हातांनीच बायका आत डोकावू लागल्या.

"अगं बया, ही तर मीच! मोळी बघ कशी वाकडी!"

"आन् मी डावरी," विहाराच्या आळीतल्या वत्सलाबाई ओरडल्या. "कोयता डाव्याच हातात दिलाय पोरीनं!"

माणिकराव आले तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती.

"मानलं, केशरबाई. या भिंतींना आता कुणी हात लावणार न्हाई."

"मग हात मोकळेच हायत की, चेअरमन! घ्या ती पिठल्याची बादली."

गाव खो-खो हसलं. चेअरमननी धोतर खोचलं. केशरबाई पंगतीत मधोमध बसल्या, ताट पुढं सरकवून म्हणाल्या, "हात आखडू नका. गावाला मी बोलावलंय!"