उपासाचं मीठ

चिमाजीच्या छातीत कळ आली ती चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात. पुण्याच्या दवाखान्यात महिना काढून तो गुंजवण्याला परत आला आणि त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं, कंबर कसली. भोरच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. चालणं रोज थोडं थोडं वाढवायचं आणि मीठ बंद करायचं. मिठानं प्रेशर चढलं तर जीवावर बेतेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

चालण्याचं जमलं. आधी ओसरीवर, मग मारुतीच्या पारापर्यंत. स्वतःच्या पायांनी भाताच्या खाचरात पोचला की आपला माणूस आपल्याला परत मिळाला, असं सगुणाबाईनं मनाशी धरलं होतं.

जेवणाचं मात्र जमेना. तीस वर्षं हिच्या कालवणाला कधी नाव न ठेवलेला माणूस अळणी घास तोंडात घोळवायचा आणि ताट सरकवायचा. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. बाईचा जीव तुटत होता. अशात तिला शेंदेलोण आठवलं. एकादशीला मिठाला शिवायचं नाही, पण शेंदेलोण चालतं. मग ते मीठ कसं असेल? देवाला चालतं ते डॉक्टरांना न चालायला काय झालं, असा तिचा सरळ हिशेब. तिनं फळीवरची बरणी काढली. चिमाजीनंही ती पाहिली आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला. तिला कोण आनंद झाला.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मीठ खाता का, म्हणून विचारलं. दोघांनीही नाही म्हणून सांगितलं, तेही अगदी खऱ्या मनानं. गोळ्या वाढल्या. त्यानंतरच्या खेपेला आणखी वाढल्या.

खाचर हाकेच्या अंतरावर असताना चिमाजी बांधावर कोसळला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली.

आता डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं आणि बरणीची गोष्ट बाहेर आली.

"बाई, शेंदेलोण म्हणजेही मीठच."

"उपासाला चालतं, तरी?"

"तरी."

घरी आणल्यावर तिनं त्याला अळणी पेज भरवली. दोन घास झाल्यावर त्यानं तोंड मिटलं आणि डाव्या हातानं फळीवरची बरणी दाखवली. सगुणाबाईनं मान हलवली. त्यानं पुन्हा बोट केलं.

"आवो, म्याच घात केला तुमचा," ती म्हणाली.

त्याला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. तो रुसल्या डोळ्यांनी तिच्याकडं बघत राहिला आणि बोट काही खाली येईना.